रुंद पायरीचा वाद

पाटघर शहरात ज्या वस्तूवरून कुणीच भांडत नाही, ती वस्तू दोन सूर्यास्तांनंतर नाहीशी होते. तिथल्या लोकांना हे ठाऊक आहे आणि त्यात त्यांना विशेष काही वाटत नाही. शहर सातशे वर्षांचं आहे. इतकं जुनं शहर इतक्या धडधाकट अवस्थेत आणखी कुठे बघायला मिळत नाही, म्हणून लोक शनिवार-रविवार गाठून तिथे येतात, जुन्या पेठा हिंडतात, आरणा नदीच्या घाटावर बसतात आणि रविवारच्या शेवटच्या गाडीनं परत जातात.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी बोरखेडीच्या हेमलता रेवाळे आणि त्यांचे यजमान पुंडलिकराव असेच तिथे उतरले. हेमलताबाई गावच्या तंटामुक्ती समितीच्या अकरा वर्षं अध्यक्ष होत्या. पुंडलिकराव कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि वाहतं पाणी दिसलं की दुसरं काही बघत नसत. सहलीची कल्पना बाईंची, तारीख बाईंची, गाडीतली खिडकीही बाईंचीच. पुंडलिकरावांनी फक्त "बघ तुला काय वाटतं ते" एवढंच म्हटलं होतं, आणि ते तसं नेहमीच म्हणत.

नगरपालिकेच्या विश्रामगृहात किल्ली मिळण्याआधी एका खिडकीशी जावं लागतं. तिथे वादनोंद लिपिक चिंतामण सातपुते बसतात. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला.

"पाहुण्यांना आम्ही राहायला खोली देतो आणि चालवायला एक वाद," सातपुते म्हणाले. "जुन्या पेठांतली बरीच घरं नव्या वसाहतींत राहायला गेलीत. माणसं कमी पडतात, वाद तेवढेच आहेत. भांडणाचा पूर्वानुभव?"

हेमलताबाई हसल्या. हा प्रश्न जणू खास त्यांच्यासाठीच छापला होता. "दोनशे चौदा तंटे," त्या म्हणाल्या.

"वा! केलेत?"

"मिटवलेत."

सातपुत्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे अनुभव नाही," असं म्हणत त्यांनी तशी नोंद केली. "घरगुती?"

"आमचं सव्वीस वर्षांत एकदाही भांडण झालेलं नाही," हेमलताबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी कितीतरी सत्कारांत म्हटलं होतं आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या होत्या. इथे पडल्या नाहीत. सातपुत्यांनी चष्म्यावरून पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते भिंतीवरचा नदीचा नकाशा बघत होते.

"मग सोप्यातला देतो," म्हणत सातपुत्यांनी एक जाड फाईल काढली. "घाटाची सगळ्यात खालची पायरी. रुंद पायरी म्हणतात तिला. तांबट म्हणतात आमची, तिथे आम्ही भांडी घासतो. कासार म्हणतात आमची, तिथे आम्ही बांगड्या मांडतो. एकशे नव्वद वर्षं चालू आहे. तांबटांकडून गोदाक्का असतात, वय अठ्ठ्याहत्तर, रोज हजर. कासारांच्या यमुनाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलं सुरतेला. त्यामुळे कासारांची बाजू पाहुणे चालवतात. तुम्ही कासार. आवाज चढला तर हरकत नाही. अंगावर जायचं नाही, आणि मिटवायचा नाही."

शेवटची सूचना हेमलताबाईंनी ऐकली. पण बागेत 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आपण जशी दुसऱ्यासाठी आहे समजून वाचतो, तशी ऐकली.

घाट खरोखरच देखणा होता. काळ्या दगडाच्या बत्तीस पायऱ्या, दोन्ही अंगांना बुरुज, आणि तळाशी एक पायरी इतकी रुंद की तिच्यावर पंगत बसावी. त्या पायरीवर एक उंच, वाळकी म्हातारी चिंच लावून तांब्याचं घंगाळ घासत होती. बाईंना पाहताच तिनं पदर खोचला.

"आलीस का कासारांची? नऊला यायचं असतं. गेल्या आठवड्यातला तो चष्मेवाला वेळेवर तरी आला होता. भांडणं काही येत नव्हतं मेल्याला, पण वेळेवर आला."

"ही पायरी कासारांची आहे," हेमलताबाई फाईलमध्ये बघून म्हणाल्या.

"कासारांची? बांगडी कधी दगडावर ठेवतात का गं? फुटते! हे घंगाळ बघ. हे दगडावरच घासायचं असतं. दगडानंच सांगितलंय तो कुणाचा ते!"

अक्कांचा आवाज पार पलीकडच्या काठावर जात होता. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. पुंडलिकराव चार पायऱ्या वर बसून मोठ्या कौतुकानं ऐकत होते. दहा मिनिटं असं छान चाललं, आणि मग हेमलताबाईंची सवय आडवी आली.

"अक्का," त्या खाली बसून म्हणाल्या, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

एकशे नव्वद वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. अक्का गोंधळल्या. "मला? मला सकाळची पायरी हवी. उन्हं वर येईस्तोवर."

"आणि कासार बांगड्या कधी मांडायचे?"

"दुपारनंतर. बाया दुपारचं आवरून यायच्या ना घाटावर."

"मग भांडण कशाचं आहे?"

हेमलताबाईंच्या पर्समध्ये तडजोडनाम्याचे कोरे कागद कायम असत. सकाळ तांबटांची, दुपार कासारांची, असं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, कासारांतर्फे स्वतः सही केली आणि कागद अक्कांपुढे धरला. अक्कांनी चिंचेचे हात लुगड्याला पुसून सही केली. दोनशे पंधरावा तंटा पंचवीस मिनिटांत मिटला होता.

"आता मी उद्या सकाळी येऊन काय करू?" अक्कांनी विचारलं.

"शांतपणे भांडी घासा," हेमलताबाई म्हणाल्या आणि पेठा बघायला निघाल्या.

अर्धं घंगाळ लखलखीत आणि अर्धं काळं, असं समोर ठेवून अक्का बसून राहिल्या. पुंडलिकरावांनी जाताजाता दोनदा वळून पाहिलं.

पेठा त्यांनी मन लावून पाहिल्या. तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येत होता. चौकातल्या घड्याळाखाली उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक खरी वेळ कोणती यावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि घड्याळ अगदी नव्यासारखं चालत होतं. पाच घरांच्या सामाईक विहिरीचं पाणी आरशासारखं होतं, कारण त्या पाचही घरांत विस्तव जात नव्हता. एका ठिकाणी दोन घरांच्या मधे नुसतीच मोकळी जागा होती. तिथल्या पानवाल्यानं सांगितलं की इथे लाकडी नगारखाना होता, फार कोरीव. पण दोन्ही वारस एका लग्नात एकमेकांच्या गळ्यात पडले.

"अरेरे," पुंडलिकराव म्हणाले.

"अरेरे काय त्यात?" हेमलताबाई म्हणाल्या. "माणसं तर एकत्र आली."

पुंडलिकरावांनी त्या मोकळ्या जागेभोवती एक फेरी मारली.

संध्याकाळी ते घाटावर परतले तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता आणि रुंद पायरी पातळ झाली होती. दगडाचा काळा रंग पाण्यात चहा सांडल्यासारखा फिका दिसत होता आणि त्यातून खालचे गोटे मोजता येत होते. काठावर सातपुते फाईल घेऊन उभे होते. ते रागावलेले दिसत नव्हते. सरकारी माणूस खरा घाबरला की फार सभ्य बोलतो, तसे ते बोलत होते.

"बाई, आपण वाद मिटवलात."

"मिटवला," हेमलताबाई म्हणाल्या, आणि सवयीनं जरा थांबल्या.

"उद्या संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ही पायरी जाईल. घाटाचा सगळा भार हिच्यावर आहे. वरच्या एकतीस पायऱ्या उद्याच जातील की सोमवारी, हे कार्यालय आत्ता सांगू शकत नाही."

हेमलताबाईंना प्रथमच हात दाखवून अवलक्षण केल्यासारखं वाटलं. पण त्या घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. "जे मला मिटवता येतं ते उकरताही येतं," त्या म्हणाल्या, "मला उद्याचा दिवस द्या."

रविवारी सकाळी अक्का घाटावर आल्याच नाहीत. हेमलताबाई तांबट आळीत त्यांच्या घरी गेल्या. अक्का दारातल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. कालच्यापेक्षा त्या पुष्कळ म्हाताऱ्या दिसत होत्या.

"अक्का, चला. पायरी कासारांची आहे! सबंध दिवस कासारांची!" हेमलताबाई जमेल तेवढ्या जोरात ओरडल्या.

"नको गं," अक्का म्हणाल्या. "मी सही केलीय. तांबटाची सही आहे ती. पायरी गेली तरी फिरायची नाही."

"अहो, पण घाट जाईल!"

"कळतं मला. साठ वर्षं बसले मी त्या दगडावर. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं भांडण तिथेच केलं, यमुनेशी. घरात तेव्हा मला कुणी तोंड उघडू देत नव्हतं. तिथे मात्र जे म्हणेन ते ऐकून घेणारी एक होती." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

हेमलताबाईंना आयुष्यात प्रथमच एखाद्या मिटलेल्या तंट्याची लाज वाटली. आतापर्यंत गोष्ट एका दगडाची होती. आता ती या बाईच्या उद्याच्या सकाळची झाली, आणि ती सकाळ आपणच काढून घेतली हे त्यांना स्वच्छ दिसलं.

सातपुत्यांनी नियम वाचून दाखवला. सही झालेला वाद त्याच पक्षांना पुन्हा उघडता येत नाही. त्याच वस्तूवर नव्या पक्षांनी नवा वाद घातला तर चालतो. मात्र तो मनापासून हवा.

"मनापासून आहे हे कोण ठरवतं?"

"पायरी," सातपुते म्हणाले.

नवे पक्ष शोधण्यात दुपार गेली. सगळं शहर आपापल्या वादात गुंतलेलं होतं. पाचही विहीरवाल्यांनी, आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही, असं एकमुखानं सांगितलं आणि लगेच ते एकमुखानं कसं काय सांगितलं यावरून जुंपली. पाच वाजता हेमलताबाई पुंडलिकरावांना घेऊन घाटावर आल्या. पायरी आता कागदाइतकी उरली होती. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जात होता.

"अहो, आपण भांडू या," हेमलताबाई म्हणाल्या. "मी म्हणते पायरी माझी. तुम्ही म्हणा तुमची."

"माझी," पुंडलिकराव म्हणाले.

"माझी!"

"बरं, तुझी."

सातपुत्यांनी डोळे मिटून घेतले. पायरीखालून एक मासा निवांत निघून गेला.

"बरं काय म्हणता? जरा आवाज चढवा ना!"

"मला खोटं भांडता येत नाही, हेमा."

"मग खरं भांडा!"

पुंडलिकराव पाण्याकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरची शीर उडायला लागली होती. सव्वीस वर्षांत ती कुणाला दिसली नव्हती, कारण ते बहुधा पाण्याकडेच बघत असत.

"खरं भांडायचं तर मी जांभळीवरून भांडेन," ते म्हणाले.

"कुठली जांभळ?"

"आपल्या बांधावरची. बाबांनी लावलेली. तू अध्यक्ष झालीस तेव्हा पहिला तंटा कुठला मिटवलास? माझा आणि दत्तूचा, सख्ख्या भावांचा. घरापासून सुरुवात म्हणालीस. फोटो आला पेपरात. झाड दत्तूच्या वाट्याला दिलंस आणि चार महिन्यांत त्यानं ते तोडलं."

"त्याबदली आपल्याला पाण्याची पाळी मिळाली! दोन्ही बाजूंना मान्य होतं!"

"मला विचारलंस?"

"विचारलं होतं! तुम्ही म्हणालात, बघ तुला काय वाटतं ते!"

"मी कायमच ते म्हणतो! म्हणून काय दर वेळी तेच करायचं?"

सातपुते खाकरले. "जांभळ शहराच्या हद्दीबाहेर आहे. नोंदीत घेता येणार नाही. कृपया पायरीवर बोलावं."

"पायरीवरच बोलतोय!" पुंडलिकराव त्यांच्यावर ओरडले. सातपुते दोन पावलं मागे सरकले. मात्र त्यांचा चेहरा उजळला. "ही पायरी त्या अक्कांची आहे. अर्धी नाही, सबंध. साठ वर्षं जे माणूस एका जागेला जीव लावतं त्याची जागा अशी सकाळ-दुपार करून कापून देतात? झाड असो, पायरी असो, तू मधोमध रेघ मारतेस आणि सही घेतेस. माणसाला काय हवं ते तू विचारतेस, पण किती हवं ते विचारत नाहीस!"

हेमलताबाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी, त्यांच्या स्वतःच्याही नकळत, त्यांना भयंकर राग आला. कारण त्यांना आपलं म्हणणं खरंच पटलेलं होतं.

"मग काय करायचं? माणसांनी डोकी फोडायची? मी आले त्या वर्षी बोरखेडीत तिघं कोर्टात होते आणि एक दवाखान्यात! मी रेघ मारली म्हणून ती आज एकमेकांच्या लग्नांत जेवतात! सकाळ तांबटांची, दुपार कासारांची, हाच न्याय आहे. तुमच्यासाठी मी तो बदलणार नाही. आणि अकरा वर्षं मूग गिळून बसलात, ते आज परक्या गावात येऊन मला सांगताय? घरी तोंड नव्हतं?"

"इथे निदान विचारतात तरी! फॉर्ममध्ये रकाना आहे!"

"म्हणजे घरी मी रकाना ठेवायला हवा होता?"

"ठेवायला हवा होता! पायरी सबंध अक्कांची!"

"अर्धी!"

"सबंध!" म्हणत पुंडलिकरावांनी जोरात पाय आपटला, आणि दगडावर पाय आपटल्याचा आवाज झाला.

दोघांनीही खाली पाहिलं नाही. पायरी काळी झाली होती, घट्ट झाली होती, तिच्या कडेचं शेवाळंसुद्धा परत आलं होतं. पण त्यांचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं. ऊन नदीवर लांब पडलं. वरच्या पायऱ्यांवर माणसं जमली आणि जाणकारीनं ऐकू लागली. एकानं शेजाऱ्याला सांगितलं की बाईंचा मुद्दा बळकट आहे, पण माणसाकडे साठा जास्त आहे.

तेवढ्यात वरून कुणीतरी गर्दी बाजूला सारत खाली आलं. केस विंचरून घट्ट बांधलेल्या गोदाक्का होत्या. आवाज तांबट आळीपर्यंत पोहोचला होता.

"ही कुणाच्या पायरीवर बोंब चाललीय? कोण तुम्ही?"

"अक्का, मी तुमचीच बाजू घेतोय," पुंडलिकराव म्हणाले. "पायरी सबंध तुमची आहे."

"सबंध माझी? आणि यमुनेचा हक्क कुठे गेला? छप्पन्न वर्षं भांडली ती माझ्याशी, ऊन म्हणाली नाही, ताप म्हणाली नाही. ती काय खुळी होती? तिचा हक्क होताच! तो मी तिला दिला नाही, ही गोष्ट वेगळी!"

"म्हणजे माझं बरोबर," हेमलताबाई म्हणाल्या, "अर्धी-अर्धी."

"तू तर बोलूच नकोस! माझ्याकडून सही घेतलीस, ती मी मोडायची नाही. पण असली तडजोड करणारी बाई चुकीची आहे, असं म्हणायला मला कुणाची सही लागत नाही! काय हो, सातपुते, लागते का?"

सातपुत्यांनी नियम चाळला. "तडजोड मान्य असून तडजोड करणारी व्यक्ती अमान्य असणे," ते सावकाश म्हणाले, "हा स्वतंत्र वाद होऊ शकतो."

"मग लिहा!"

सहा चाळीसला सूर्य मावळला. तिघंही एकदमच बोलत असल्यानं कुणाच्या ते लक्षात आलं नाही. सातपुत्यांनी तेवढं खाली वाकून बोटाच्या पेरानं पायरी वाजवून पाहिली आणि फाईलमध्ये शेरा मारला: 'वाद तिहेरी. प्रकृती उत्तम.'

मग गाडीची वेळ झाली. अक्कांनी, पुढच्या महिन्यात नऊच्या ठोक्याला या, उशीर खपवून घेणार नाही, असं दोघांना बजावलं आणि घासायचं राहिलेलं घंगाळ आणायला त्या तरातरा आळीकडे निघाल्या. सातपुत्यांनी शेवटचा कागद पुढे केला.

"नव्या पक्षांना दर महिन्याला दोन दिवस हजेरी लावावी लागते. समेटाची काही शक्यता?"

हेमलताबाईंनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत नव्हते. ते थेट त्यांच्याकडे बघत होते, लालबुंद आणि तयारीत.

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही," पुंडलिकराव म्हणाले.

"ठीक. विरुद्ध पक्षांना वेगवेगळ्या खोल्या द्यायची इथे पद्धत आहे. दोन लिहू?"

"एकच लिहा," हेमलताबाई पर्स उचलत म्हणाल्या. "जांभळीचं अजून राहिलंय."